डॉक्टरांनी हात धरला

भाईंदर, १२ ऑगस्ट १९९६

माननीय पराडकर सर,

शेवटच्या दुखण्यातल्या पेशंटला कसं सांभाळायचं, हे तुमच्या शिबिरात शिकून आल्यापासून आमचे हे दवाखान्यात येईल त्याच्या शेजारी बसतात, हात हातात घेतात आणि गप्प राहतात. अहो, आमच्याकडे येतो सगळा सर्दी-खोकला! नागोराव नुसता घसा दाखवायला आले होते. यांनी हात धरताच ते एसटीडी बूथवर धावले आणि परभणीहून भावाला बोलावून घेतलं.

काल जेवणानंतर यांनी माझाही हात धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी घाबरून विचारलं, “माझा रिपोर्ट वाईट आलाय का?”

“नाही गं. सहज.”

सर, तक्रार खरी आहे, पण पत्र पेटीत टाकत नाही. तुम्ही यांना समजवाल आणि हे हात सोडतील.

आपली,
सौ. सुचेता पाटकर