पायऱ्यांपाशी पडलेला पांढरा डाग

प्रिय बेडक्या,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले आणि खोडायचा कंटाळा केला, एवढाच त्याचा अर्थ. तुझा निरोप मिळाला. पोहायचा पूल एकदाचा पूर्ण रिकामा कर, तळ घासून घे, ताजं पाणी भर, म्हणजे तुझी रोजची कटकट मिटेल, असा सल्ला तू कुठल्याशा विमानतळावरून दिला आहेस. मागं घोषणा चालल्या होत्या, त्यामुळे निम्मा ऐकूच आला नाही. उरलेला निम्माही पुरेसा मूर्खपणाचा होता.

अरे, व्हिनाइलचं, म्हणजे जाड प्लास्टिकचं, अस्तर लावलेला पूल आहे तो, बादली नव्हे. ते अस्तर पाण्याच्या भारानं भिंतींना धरून असतं. पाणी काढलं की आकसतं, आणि आपल्या पुलातल्याइतकं जुनं असेल तर पुन्हा भरताना कोपऱ्यात टर्रकन फाटतं. अस्तर बसवणाऱ्यानं हे सांगितलं तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास, मोबाइलमध्ये डोकं घालून.

बाबांनी तो पूल आपल्या दोघांसाठी बांधून घेतला, हे तुला आठवत असेलच. तू पहिल्याच आठवड्यात हातपाय झाडत पलीकडे गेलास आणि बेडक्या झालास. मी बुडाले आणि धोंडी झाले. तुझ्या पोटाखाली हात धरून ते दुपार दुपार पाण्यात उभे राहायचे. माझ्यासाठी त्यांचा धीर एका दुपारीत संपला, आणि फिल्टरची जाळी धुवायचं काम मला मिळालं. ते अजून माझ्याकडेच आहे. पोहता मला आजही येत नाही. छातीभर पाण्यापलीकडे मी जात नाही.

छातीभर पाणी पुरतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना जमिनीवर दोन पावलं टाकायची तर दोन माणसं लागतात. पाण्यात मात्र ते माझा एक हात धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतात. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसतो. म्हणून मी त्या पाण्याला तान्ह्या मुलासारखं जपते. रोज सकाळी नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघते. आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, कारण ती ढळली की पीएच जागेवर राहत नाही. ती कमी असेल तर खायचा सोडा. मग पीएच. नळीतला रंग पिवळा आला म्हणजे पाणी आंबट झालं, तसंच ठेवलं तर अस्तराला सुरकुत्या पडतात. फार गुलाबी आला तर क्लोरीन नुसतं नावाला उरतं. हे सगळं जुळल्यावर शेवटी क्लोरीन. तू जन्मापासून प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सुरू करत आला आहेस, म्हणून क्रम लिहिला.

उन्हाळ्यात चार दिवस आलास, तेव्हाही तेच केलंस. पाणी जरा गढूळ दिसलं, मी बाहेर गेले होते, आणि साहेबांना काहीतरी करून दाखवायचं होतं. क्लोरीनच्या दाण्यांचा डबा उचललास आणि पायऱ्यांपाशी पालथा केलास. बादलीत पाणी घ्यायचं, त्यात दाणे विरघळवायचे, मग ते पाणी कडेकडेनं फिरत सोडायचं, एवढंसुद्धा डब्यावर वाचायला तुला सवड नव्हती. मला एका शब्दानं न सांगता संध्याकाळी निघून गेलास. सकाळी बाबांना चाकांच्या खुर्चीतून पायऱ्यांपाशी आणून बसवलं, आणि माझे थेंब टाकून व्हायच्या आत ते कठडा धरून सरकत पाण्यात उतरले होते. डोळे लालबुंद, अंगभर पुरळ. बरं व्हायला दोन आठवडे गेले, आणि तेवढ्यात त्यांचे पाय चालणं विसरले. मी ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. तू फोनवर म्हणालास, पाणी स्वच्छ झालं ना पण? त्या दिवशी तू समोर असतास तर मी तुला पाण्यात ढकललं असतं, आणि तुला पोहता येतं याचंच मला वाईट वाटलं असतं.

दाणे जिथे साचले तिथे निळं अस्तर पांढरंफटक पडलं आहे, शेवटच्या पायरीच्या अगदी पुढे, ताटाएवढं. ते आता जायचं नाही. बाबांना हल्ली तो डाग दिसत नाही, भोक दिसतं. तळाला भोक पडलंय, आपण खाली जाऊ, असं म्हणून ते पायरीवर अडून बसतात. मी कितीदा त्यावर उभी राहून दाखवलं. धोंडी काय, बुडतेच, म्हणाले. मग इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "बेडक्या, धरलंयस ना मला?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी घरात जाऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी मी आवाज जाड केला आणि म्हणाले, "हो बाबा, धरलंय." त्यांनी पाऊल टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी मी तू होते. हात माझा असतो, नाव तुझं.

पुढच्या महिन्यात माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे. दीड महिना हात उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नर्स ठेवून पाहिली, पण तिच्या हातावर विश्वास ठेवून ते पायरी उतरत नाहीत, आणि तिला तुझा आवाज काढता येत नाही. म्हणून तुला लिहिते आहे. माफ केलं म्हणून नव्हे. थेंबांची पेटी फिल्टरशेजारच्या फळीवर आहे, दाण्यांच्या डब्याला मी कुलूप लावलंय, किल्ली आल्यावर देईन. आणि एक लक्षात ठेव. त्यांनी विचारल्यावर तुझ्या स्वतःच्या आवाजात 'हो' म्हणालास आणि ते पायरीवरून हलले नाहीत, तर चिडू नकोस. त्यांना माझा बेडक्या सवयीचा झालाय. मी काढते तसा आवाज थोडा जाड काढ. ये, मी शिकवते.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होता येत नाही म्हणून,
धोंडी