कपलिंग बसेपर्यंत

शनिवार, ५ एप्रिल २०२५

कपलिंग आलं! पॅलेटवर, प्लास्टिकमध्ये आवळून. डिलिव्हरीवाल्याने गेटपाशीच उतरवलं आणि गेला. मी आणि शेखरकाकांनी ढकलत ढकलत गॅरेजमध्ये नेलं. काकू खिडकीतून — "पाठ धरली तर मला हाक मारू नका."

बेसिंगस्टोकमध्ये नोकरी लागल्यापासून मी यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. काका सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले, पण त्याआधीच ही कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन बसले होते. साधी नव्हे, फिफ्थ व्हील! तिची मान पुढे येऊन पिकअपच्या हौद्यातल्या कपलिंगवर टेकते. मानेखाली जाड पिन असते. ती कपलिंगच्या जबड्यात शिरली आणि जबडा मिटला की झालं. गेल्या उन्हाळ्यात जुन्या कपलिंगचा जबडा एकदाही मिटला नाही. दर वेळी भांडण आणि घरी परत.

मधुकाकूंनी आज जेवताना अट घातली. "हेही बसलं नाही तर कॅरव्हॅन विकायची. शब्द पाळायचा."

"पाळू," काका म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "या वेळी आपल्याकडे इंजिनियर आहे!"

३ मेला स्कॉटलंडला निघायचं ठरलंय. अख्खा उन्हाळा तिकडेच. फ्रिजवर नकाशा लावलाय, त्यावर काकांनी लाल पेनाने रस्ता काढलाय.

मला हे बसवून दाखवायचंच आहे. ऑफिसात मी पंप तपासते, पण तिथली पद्धत दुसऱ्यांनी ठरवलेली. इथे पद्धत माझी.

सोमवार, ७ एप्रिल

काल दिवसभर पिकअपच्या हौद्यात कपलिंगचे बोल्ट आवळले. हात अजून दुखतायत.

पप्पांना फोटो पाठवला. पप्पा साखर कारखान्याला ऊस वाहतात. ट्रॅक्टर बाळू चालवतो, मागे दोन ट्रॉल्या. लगेच फोन — "ह्ये जोडायला डिग्री लागली व्हय तुला? आमचा बाळू झोपेत जोडतोय!" मागून आई — "जेवली का विचारा आधी."

घरातली पहिली डिग्री माझी. तिचा उपयोग काय, हे पप्पांना मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

शनिवार, १२ एप्रिल

नाही बसलं.

गावाबाहेर एक शेतकरी लोकांच्या कॅरव्हॅन आपल्या आवारात ठेवून घेतो. तिथे गेलो. जाताना पिकअप काकूंनी चालवली. हल्ली नेहमी त्याच चालवतात. काका म्हणतात, तिचा हात बसायला हवा. आवारात पोचलं की मात्र जागा बदलायची. कॅरव्हॅन जोडणं हे काकांचं काम.

काकू मागे उभ्या. "येऊ द्या... येऊ द्या... अजून... बास!" पुण्यात गल्लीत टेम्पो मागे घेताना ओरडतात, अगदी तसंच. शेजारच्या मोटरहोमवाला म्हातारा इंग्रज चहाचा मग घेऊन बघत उभा राहिला. त्याला मजा येत होती.

पिन चुकली. पुन्हा. पुन्हा. दर वेळी जबड्यापासून वीतभर डावीकडे.

काका खिडकीतून — "अगं, हात कुठे दाखवतेस आणि मला कुठे नेतेस!"

"माझा हात सरळ आहे. तुमचं कपलिंग वाकडं आहे."

"नवीन आहे ते!"

"मग नवीन वाकडं आहे."

मी टेप घेऊन हौद्यात चढले. कपलिंग बरोबर मधोमध आहे. तसं सांगितलं. काकूंनी डबा उघडला आणि सगळ्यांना थालीपीठ दिलं. म्हाताऱ्यालासुद्धा.

रविवार, १३ एप्रिल

आज थोडक्यात वाचले.

कॅरव्हॅनच्या मधून जमिनीवर खडूने सरळ रेघ मारली होती. काका त्या रेघेवरून येतात का ते बघायला मी डाव्या बाजूला वाकले होते. मी तिथे आहे हे त्यांना सांगितलं होतं, हातही केला होता. तरी पिकअप सरळ माझ्या अंगावर आली. काकू "अहो!" म्हणून किंचाळल्या. काकूंचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हौद्याचं मागचं दार, टेलगेट, माझ्या जॅकेटला घासून थांबलं.

काका उतरले, चेहरा पांढरा. "तू कुठे होतीस?"

"इथेच."

"उजवीकडे उभी राहत जा ना बाळा. तिथून दिसतेस."

डावा आरसा फार खाली वळलेला असणार. तो नीट केला. चूक माझीही होतीच, चालत्या गाडीमागे वाकू नये हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

परतताना गाडी काकूंनीच चालवली. स्टिअरिंग घट्ट धरून होत्या.

बुधवार, १६ एप्रिल

लंचमध्ये आकृती काढून बघितली. कपलिंग सरळ, कॅरव्हॅन सरळ, जमीन सपाट. चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला आणि तेवढीच. माणूस गोंधळला की कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. दर वेळी वीतभर डावीकडे चुकायला सराव लागतो.

काकूंना जायचं नाहीये. त्या मुद्दाम हात तिरका धरतात.

लिहिताना वाईट वाटलं. काकूंनी मला तापात पेज करून दिली आहे. पण मोजलेलं नाकारायचं कसं? उद्या ऑफिसातही आवडत्या माणसाचा पंप गळला तर तो गळतो असंच लिहावं लागेल. काकांचं स्वप्न असं वीतभराने मारायचं — हे बरोबर नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

बसलं! बसलं!!

गुड फ्रायडेची सुट्टी. शेतावर पोचल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काकू, आज तुम्ही चहा करा. हात मी दाखवते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला जमेल?"

"बघू की."

उजवीकडे उभी राहिले. खडूची रेघ, माझा हात, काकांची गाडी. येऊ द्या, येऊ द्या — आणि टक्! जबडा मिटल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कपलिंगचं हँडल आपोआप आत गेलं.

तरी खात्री करायची असते. कॅरव्हॅनचे पाय जमिनीवरच ठेवायचे, तिचा ब्रेक लावायचा आणि पिकअप किंचित पुढे ओढून बघायची. नीट बसलेलं नसेल तर पिन तिथेच सुटते, रस्त्यावर नाही. ओढून बघितलं. पिकअप जागची हलली नाही. जोडलं!

काका उतरून हौद्याला हात लावून उभे राहिले. मग मला सॅल्यूट ठोकला. "जिंकलीस गं!" म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

काकूंनी सगळ्यांना चहा दिला. त्यांचा कप तसाच निवला.

रविवार, २० एप्रिल

आज पुन्हा, तीनदा. तिन्ही वेळा बसलं. आता शंका नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

काका रोज कुणाला ना कुणाला फोन करून सांगतात. "आमच्या इंजिनियरने बसवून दिलं!" कार्डिफच्या मित्राला, नागपूरच्या मेहुण्याला. काकू गोडा मसाला भरतायत, पापड, लोणचं. सगळं नीट, लेबल लावून.

मी म्हटलं, "काकू, तिकडे गेलात की छान वाटेल तुम्हाला. बघा तुम्ही."

"हं," काकू म्हणाल्या. "तू हुशार आहेस." चेहऱ्यावर कौतुक काही दिसलं नाही.

शनिवार, २६ एप्रिल

काय लिहू.

काका लायब्ररीत गेले होते. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, मी चिमटे देत होते. अचानक म्हणाल्या, "त्यांना डावीकडचं दिसत नाही."

मला आधी कळलंच नाही.

"गेल्या वर्षीपासून. डावीकडे कप ठेवला की पडतो. दारात खांदा आपटतो, मग दाराला शिव्या. चष्मेवाल्याची तारीख दोनदा पुढे ढकलली. त्यांच्या वडिलांचे डोळे असेच गेले, बाजूबाजूने. रस्त्यावर मी त्यांना गाडी देत नाही, काहीतरी कारण काढते. पण कॅरव्हॅन जोडली की मला देतील का?"

"मग कपलिंग?"

"कपलिंग बिचारं चांगलंच होतं. जुनंही."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला जायचं नाहीये."

काकूंच्या हातात काकांचा शर्ट होता. तो त्यांनी उगाच पुन्हा पिळला. "सगळ्यांना तेच वाटतं. त्यांनाही. म्हणून तर बोलता येत नाही ना! डोळे तपासा म्हटलं की म्हणणार, तुला यायचं नाही म्हणून खुसपट काढतेस. अगं, मला जायचंय. मला ते सगळं बघायचंय. पण त्यांनी रस्त्यावर कुणाला उडवलेलं नाही बघायचं."

मी विचारलं, तुम्हीच का नाही चालवत. म्हणाल्या, "ते स्टिअरिंग सोडून शेजारी बसणार? कॅरव्हॅन जोडलेली असताना? तू ओळखत नाहीस त्यांना."

कपलिंगला दोष दिलेला काकांना चालतो, म्हणाल्या. म्हणून तिरका हात, म्हणून कपलिंग.

मी काय केलं हे! जॅकेट घासलं त्या दिवशी मी आरसा नीट केला. आरसा!

सोमवार, २८ एप्रिल

खरं ते सरळ सांगावं असं मी मानते. संध्याकाळी धीर करून म्हटलं, "काका, एवढा लांबचा रस्ता. निघायच्या आधी डोळे दाखवून घ्या ना."

काका हसले. "काकूने पढवलं वाटतं?"

"नाही, मीच—"

"आधी स्कॉटलंड, मग चष्मा." आणि नकाशाकडे वळले.

पुढे बोलायला हवं होतं. टेलगेट, जॅकेट, सगळं. नाही बोलले. वडिलांच्या वयाच्या माणसाला "तुम्हाला दिसत नाही" कसं म्हणतात? पप्पांना तरी मी म्हणू शकले असते का?

बुधवार, ३० एप्रिल

नियम वाचले. नजर कमी झाली असेल तर लायसन्सवाल्यांना ज्याने त्याने स्वतः कळवायचं असतं. दुसरंही कुणी कळवू शकतं. पान उघडून बसले. ज्यांच्या घरात जेवते त्यांच्याबद्दल? पान बंद केलं. मग झोपेपर्यंत स्वतःचा राग.

शुक्रवार, २ मे

उद्या. सामान चढवून झालं. मोटरवेला लागेपर्यंत गावातला रस्ता आहे आणि सायकलवाले डाव्या कडेने जातात. शनिवारी तर लहान मुलंही.

काकूंनी विचारलं, "उद्या हात मी दाखवू?" काका स्वयंपाकघरातून ओरडले, "अजिबात नाही! इंजिनियर दाखवेल!"

शनिवार, ३ मे

मी उजवीकडे उभी राहिले. हात वीतभर तिरका धरला. येऊ द्या, येऊ द्या, बास.

पिन चुकली.

काकांनी इंजिन बंद केलं. उतरले नाहीत. मी खिडकीपाशी गेले. "काका, कपलिंगमध्येच काहीतरी—"

ते समोर बघत होते. "काकूचा हात चुकतो," म्हणाले. "तुझा चुकत नाही गं."

मला मान वर करता येईना.

मग त्यांनी सीटबेल्ट सोडला, खाली उतरले आणि गाडीला हात लावत लावत पलीकडच्या दाराशी गेले.

"काकूला बोलाव," म्हणाले. "म्हणावं, तू चालव."