दोन तलंगा

२४ मे २००१
सरूची कोंबडी यंदाही अंड्यांवर खुडूक बसली नाही. म्हातारी झाली ती. तिची जमवलेली अंडी टोपलीत भुसा घालून निमोण्याला नेली. धाकट्या बहिणीकडे, अनसाकडे खुडूक कोंबडी आहे. म्हणाली, "बशिवते दादा. पन निम्मी पिल्लं माझी! बहीन म्हनून फुकाट न्हाई!" बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसलो.

उघड्या मानेची ही जात सरूने लग्नानंतर माहेराहून, पाबळहून आणली. तिकडची सगळी मानमोडीच्या साथीत गेली. सरू कार्तिकात गेली. राहिली ही एक. सरू म्हणायची, "कोंबडा कुठलाबी चालतो, तलंग आपली पायजे. तलंग म्हंजी उद्याची कोंबडी." पुढे जात चालायची तर एक तरी तलंग हवी. पांडुरंगा, एवढं कर.

१६ जून
निरोप आला. चार पिल्लं निघाली, चारही उघड्या मानेची! बाकीची अंडी नासली.

२९ जुलै
म्हातारी कोंबडी मुंगसाने नेली. परड्यात नुसती पिसं. जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट, राखी
अनसा आली. टोपलीवरचं फडकं काढून दोन पिल्लं अंगणात सोडली. "निवडून आनल्यात. दोन्ही तलंगा. कोंबडं दोन्ही माझ्याकडं ऱ्हायलं. वैनीची जात हाय, तुझ्याच दारात ऱ्हाऊ दे."
एवढ्यात कळतं कसं, विचारलं. "नराचं पाय जाड, आन् शेपटीला पिसं उशिरा. वैनीनंच शिकवलंय मला. तुला काय, मेंढरापलीकडं कळतंय का काही?"
राखी बांधताना डोळे पुसत होती. माझंही तेच.

२० सप्टेंबर
शेजारचा हौसराव बिडी ओढत परड्याशी उभा राहिला. "आप्पा, ह्या कसल्या तलंगा? मान बघा, लालभडक. तुरा बघा. सरळ कोंबडं हायेत दोन्ही!"
म्हणालो, अनसाने निवडून दिल्यात.
"निवडूनच दिल्यात की! निवडून कोन कुनाला काय देतं, आप्पा?"
हसून घालवलं. पण ते वाक्य जात नाही. हरिपाठातही मध्ये येतं.

२३ सप्टेंबर
निमोण्याला जाऊन आलो. तिच्याकडची दोन पाहिली. फिक्या माना, बारके तुरे, डालग्याखाली मुकाट बसलेली. म्हणजे तिच्या घरी तलंगा आणि माझ्या घरी कोंबडे!
विचारलं. म्हणाली, "दादा, उन्हात हिंडल्यावर उघडी मान तांबडी व्हनारच. माझी दिसभर झाकलेली असत्यात, कुत्र्याच्या भ्यानं."
उत्तर तयारच होतं जणू. मी बोललो — "सरूच्या माघारी तिची जात पळवलीस." दाजी ओट्यावर होते. ऐकून उठून आत गेले.
अनसाने डालगं उलथं केलं. "चारी तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. ने की! ने ही बी!"
कबूल केल्यासारखंच वाटलं ते. हात लावला नाही. पाणीही न पिता निघालो.

२४ सप्टेंबर
परक्याने फसवलं असतं तर विसरलो असतो. सख्खी बहीण! शेवटच्या दुखण्यात सरूची वेणी हीच घालायची. तिला भरवायची. तोच हात असा कसा वळला?
दिवा लावला. हात जोडले, पण मागायला काही सुचलं नाही.

३० सप्टेंबर
दोन्ही हौसरावला देऊन टाकले. त्याचा पप्पू दौंडला रेल्वेत आहे, क्वार्टरमागे पाळील म्हणाला. किती दिवस पाळील ते मी विचारलं नाही. माळकरी माणूस मी, कोंबडे ठेवून काय करू — पण देण्याचं खरं म्हणजे तेवढंच कारण नव्हतं. दोघं दारात दिसले की अनसाचं तोंड दिसायचं.
आज परडं रिकामं आहे. बरं वाटेल असं वाटलं होतं.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज
निमोण्याची एसटी गेली. मी गेलो नाही.

२ जानेवारी २००२
हौसराव दौंडहून आला. ओट्यावर टेकायच्या आधीच हसायला लागला. "आप्पा, गंमत ऐका! थर्टीफर्स्टला पोरानं तुमचं दोन्ही कोंबडं कापलं. तर पोटात अंड्यांची माळ! एकात न्हाई वो, दोन्हीत! आपली बी नजर कशी फसती बघा."
मी चहा टाकला. तो पिऊन गेला.
अनसाने स्वतःकडे कोंबडे ठेवले होते.