फलकावरची शेवटची ओळ

३ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सरकारी कागद बघायला आता एक पैसाही लागत नाही, असं पेपरात आलंय, ते तू वाचलं असशील. खरा खर्च मी सांगतो. दुकानाचं शटर खाली ठेवून घालवलेल्या सकाळी, नव्या बुटाचा तळ, आणि खिडकीवरच्या कारकुनाच्या विनोदांना हसून दुखलेले गाल. त्याचा एकही विनोद पुरा होत नाही. मध्येच साहेब हाक मारतात, तरी आपण हसायचं.

पण दार उघडलं, हे खरं. त्या मंत्र्याच्या बंगल्यात माळ्यावर सरकारी फायली सापडल्या, बोभाटा झाला, मंत्री घरी बसला, आणि नव्या सरकारनं लोकांची तोंडं बंद करायला जुना दप्तरखाना सगळ्यांना खुला करून टाकला. कोणीही जावं, अर्ज द्यावा, फाईल मागवून वाचत बसावं. पेन आत न्यायचं नाही, एवढंच. शिक्क्याची नक्कल हवी तर वेगळा अर्ज.

तेव्हा ताई, बाबांचा कागद मिळालाच समज. मी काही ताटकळत बसणारा माणूस नव्हे. दारावरचा पहारेकरी मला बघून उठून उभा राहतो. माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानामुळे आत सगळे पंपशेठ म्हणतात. कारकुनाच्या घरच्या पंपाचा बिघाड मी नुसता कान लावून ओळखला आणि पंप तिथल्या तिथे चालू करून दिला. मग त्याला मोकळेपणानं सगळं सांगितलं, की आमचे वडील धरणावर रोजंदारीवर गेटवाले होते, फोनवर साहेबांनी थांबायला सांगितलं म्हणून थांबले, बांध फुटला, आणि ठपका यांच्यावर आला. फार हळहळला बिचारा. काहीतरी टिपूनही घेतलं. त्या इमारतीत मला न ओळखणारा माणूस आता उरलेला नाही.

घरी मात्र जेवताना रेडिओ लावतो. बातम्यांचं काही नाही. ही गेल्यापासून समोरच्या खुर्चीशी काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा धाकटा

१० जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू शेठ झालास तरी मी हेच लिहिणार. घरातली सगळी भांडी ठोकून त्यांचा आवाज ऐकत बसायचास म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव आहे, ते मी मोडायची नाही. आणि तुझं ‘मिळालंच समज’ मी तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून ऐकतेय. माझी सायकल अजून यायचीच आहे.

इथली बातमी अशी, की पुलाजवळचा फलक पांढरा करून नव्यानं रंगवायला घेतलाय. वर पुरात गेलेल्यांची नावं, आणि खाली ती ओळ, गेटवाल्याच्या हलगर्जीमुळे. तू इथून लवकर गेलास, तिकडे तुला कुणी बाप विचारला नाही. मी अजून भाजीला शाळेमागून वळसा घालून जाते. गुडघे कुरकुरतात, पण पायांना तीच वाट माहीत.

परवा मात्र धीर करून फलकाशी गेले. रंगारी शिडीवर होता. यात तुमचं कोणी आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, वरच्या नावांत नाही, खालच्या ओळीत आहे. त्यानं ब्रश डब्यात टेकवला. मग म्हणाला, मला जुनाच मजकूर पुन्हा लिहायला सांगितलंय, पण शिक्क्याचा कागद आणलात तर नगरपालिकेला मजकूर बदलावा लागेल. ती ओळ तो सगळ्यात शेवटी घेणार आहे.

या गावात कुणाशी इतकं बोलून किती काळ झाला, ते मला घरी येऊन कडी लावताना कळलं.

वेळेवर जेव. रेडिओचा आवाज कमी ठेव.
तुझी ताई

२४ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलं. धरणावरच्या फोनचं रजिस्टर, पिवळं पडलेलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. पण ते पान शाबूत आहे. आधी बाबांचं नाव, पुढे लिहिलंय: पाणी चढते आहे, गेट उघडू का, असे विचारले. खाली इंजिनिअर साहेबांचं नाव आणि त्यांचं उत्तर: खाली नदीकाठी उद्याच्या समारंभाचा मांडव आहे, थांबा. बाबा शेवटपर्यंत हेच सांगत होते. शब्दसुद्धा तेच. आपण दोघं सोडून ऐकणारं कोणी नव्हतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ जमिनीचा नकाशा बघत होते. त्यांना खांद्याला हात लावून हे पान दाखवावं असं फार वाटलं. दाखवलं नाही. हा माणूस मला कोण लागतो, असं मनात आलं.

नकलेचा अर्ज दिलाय. आता थोडी कानावर आलेली गोष्ट. या दप्तरखान्यातूनच कुणीतरी आताच्या मंत्र्याच्या मेव्हण्याचं प्रकरण खणून पेपरला दिलं. तेव्हापासून पार्टिशनच्या पलीकडे आवाज खाली आलेत. मोठे साहेब आता कागदावर काही लिहीतच नाहीत, जे ठरवायचं ते व्हरांड्यात उभ्याउभ्या ठरवतात. म्हणजे उद्या कुणी कितीही दारं उघडली, तरी आत वाचायला काय सापडणार? नव्या नियमाचं काहीतरी घाटतंय. कारकुनानं विनोद सांगणं बंद केलंय. मला तेच लक्षण बरं वाटत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

३० जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उंबऱ्यात उभ्यानंच वाचलं. मोठ्यानं वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तशीच चप्पल घालून पुलावर गेले आणि रंगाऱ्याला वाचून दाखवलं. तो शिडीवरून खाली उतरला, हात पुसले, आणि मांडव हा शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

येताना सरळ रस्त्यानं आले. भाजीवाली म्हणाली, आज इकडून कुठे?

वरची नावं झाली आहेत. एक ओळ राहिली आहे. पुढच्या सोमवारपर्यंत संपवा, असा नगरपालिकेचा निरोप आहे. कागद पाठव, किंवा घेऊन ये. खरं म्हणजे तूच ये. तुझी खोली झाडून ठेवलीय. ती मी नेहमीच झाडते, पण आज जरा कारणानं झाडली.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

नक्कल आली. शिक्का आहे, सही आहे. बाबांच्या नावावर काळी पट्टी आहे. साहेबांच्या नावावरही आहे. कुणीतरी विचारलं, कुणीतरी थांबायला सांगितलं, मधे तो मांडव तेवढा स्वच्छ वाचता येतो.

मेव्हण्याच्या प्रकरणानंतर नवा नियम निघाला. खाजगी माणसांची नावं झाकायची, आणि मंत्र्यांच्या कार्यालयात बसणाऱ्यांचीही. इंजिनिअर साहेब आता तिथे सल्लागार आहेत, म्हणून ते झाकले गेले. बाबा कसे झाकले गेले, ते विचारायला मी कारकुनाकडे गेलो. त्याची बदली झालीय, टेबल आवरत होता. डोळे वर न करता म्हणाला, “पंपशेठ, ते रोजंदारीवर होते हे तुम्हीच सांगितलंत. नसतं सांगितलं, तर सरकारी नोकर समजून मी नाव राहू दिलं असतं.”

त्याच्यावर राग धरता येईना. गप्पा मारून कामं करून घेण्यावर मी सगळं उभं केलं, दुकानसुद्धा. बाबांच्या बाबतीत तेवढं गप्प बसायला हवं होतं.

रंगाऱ्याला सांग, ती ओळ कोरी ठेव. कागद घेऊन मी रविवारी येतो. सोमवारी नगरपालिकेत जे वाचलं ते माझ्या तोंडानं सांगेन. मानतील असं वाटत नाही. पण तोवर निदान खोटं तरी लिहिलेलं नसेल. आणि भाजीला आपण दोघं सरळ रस्त्यानं जाऊ.

खोलीत पाण्याचा तांब्या भरून ठेव. लोभाचं काय लिहू, येतोच आहे.
तुझा ठोक्या

ता. क. मूळ पान एकदा पुन्हा बघावं म्हणून आज सकाळी गेलो होतो. दाराला कुलूप आहे, मोजदादीसाठी बंद अशी पाटी आहे. पहारेकरी खुर्चीतून उठला नाही. त्यानं मला नाव विचारलं.