मला फोन आला नव्हता

प्रिय खारूताई,

तू माझ्यापासून जेमतेम आठ पावलांवर, काच घासायच्या यंत्रापाशी पाठमोरी बसली आहेस आणि मी गल्ल्याशी बसून तुला पत्र लिहिते आहे. मघाशी तू मान वळवून विचारलंस, एवढं काय खरडते आहेस, तर मी म्हटलं, फ्रेमांची यादी. बघ, पत्राच्या सुरुवातीलाच एक थाप मारून झाली. तोंडाने सांगायला गेले तर मी हमखास रडेन. मग तू पाणी आणशील, माझी पाठ चोळशील आणि दोन मिनिटांत मीच बिचारी ठरेन. हे नाटक मला छान जमतं, तुझ्या बाबांवर तीस वर्षं सराव केला आहे. म्हणून या वेळी लिहून देते आहे.

तू तयार केलेलं निवेदन चार दिवस माझ्या खणात पडून आहे. सोमवारी बँकेत चौकशी आहे, तिथे ते द्यायचं: परदेशात तुझ्याकडे असलेलं माझं जादा कार्ड बंद करण्याआधी बँकेतून मला कुणाचाही फोन आला नव्हता, खाली माझी सही. सही झाली की बँकेतल्या ज्या मुलीने ते कार्ड बंद केलं तिची नोकरी जाणार, हे मॅनेजरने तुला स्पष्टच सांगितलं. ती म्हणते, मी फोन केला होता. पण ज्या फोनवरचं बोलणं नोंदवलं जातं तो त्या दिवशी बिघडला होता. तिने टेबलावरच्या साध्या फोनवरून आपल्या दुकानाचा नंबर फिरवला, त्यामुळे तिच्या हातात पुरावा नाही. म्हणजे तिचा शब्द आणि माझा शब्द. आणि माझ्या शब्दावर तुझा एवढा विश्वास, की सहीसाठी रेघसुद्धा तू पट्टीने आखून ठेवलीस. मी आपली आज पेन चालत नाही, उद्या चष्मा सापडत नाही अशी टाळाटाळ करते आहे. चष्म्याच्या दुकानात बसून चष्मा सापडत नाही, हे कारण तू दोनदा निमूट ऐकून घेतलंस.

ते कार्ड तुला मुळात नकोच होतं. तू स्वतःच्या खात्यावर काढणार होतीस. मीच हटून बसले, की परदेशात एकटी चालली आहेस, माझ्या कार्डावरचं जादा कार्ड घे, अडीअडचणीला आईचं असलेलं बरं. सगळ्यांना सांगत सुटले होते. खरं कारण असं, की तू कुठेही कार्ड पुढे केलंस की माझ्या मोबाइलवर मेसेज यायचा. बेकरी. ट्राम. रंगांचं दुकान. पुन्हा बेकरी. तू फोनवर म्हणायचीस, जेवण अगदी व्यवस्थित चालू आहे, आणि मला इथे ठाऊक असायचं की बाईसाहेब तीन दिवस पावावर आहेत. गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे मी ते मेसेज. त्यांना वाटायचं, काय काळजी आहे लेकीची. मलाही तसंच वाटायचं.

कृत्रिम डोळे बनवायला शिकायचं तुझं वेड आजचं नाही. लहानपणी तू टाकाऊ काचांवर बुबुळं रंगवून डब्याडब्यांत लपवून ठेवायचीस, म्हणून तर बाबांनी तुझं नाव खारूताई ठेवलं. साखरेच्या डब्यातून डोळा माझ्याकडे बघत होता तेव्हा मी किंचाळले होते, आणि बाबा मात्र तो डोळा उजेडात धरून म्हणाले होते, अगं, नजर आहे या पोरीच्या हाताला. ते असते तर तू कधीच गेली असतीस. ते गेल्यावर तू जायचा विषय काढलास की माझं बीपी वाढायचं. दोनदा ते खरोखर वाढलं होतं. बाकीच्या वेळी मी नुसतीच आडवी झाले होते. शेवटी तू विषय बारा दिवसांच्या शिबिरावर आणलास, तेव्हा मी मोठ्या मनाने परवानगी दिली.

आता त्या गुरुवारचं सांगते. दुपारी दुकानात ते निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, नाकावर तपासणीची जड फ्रेम, मी एकेक काच घालून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेत विचारत होते, ही बरी की ही बरी. माझा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता, म्हणून दुकानाचा फोन वाजला. हो, वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, सर्दीने नाक चोंदलेलं, पण बोलणं नीट, सावकाश. तुमच्या जादा कार्डावरून आत्ता परदेशात एका घराची अनामत भरली जाते आहे, म्हणाली, आधीच्या खर्चांपेक्षा रक्कम फारच मोठी आहे म्हणून विचारते, हा व्यवहार तुमच्याच घरातला आहे ना? मी विचारलं, घराची म्हणजे? ती म्हणाली, वर्षभराच्या भाड्याने घेतलेल्या खोलीची, मॅडम. माझ्या हातात काच तशीच राहिली.

मला कळलं नाही असं अजिबात झालं नाही. त्याच क्षणी लख्ख कळलं, की तू परत येणार नाहीस आणि मला सांगितलेलं नाहीस. ती मुलगी भली होती. म्हणाली, हवं तर आधी मुलीला विचारून घ्या, मी दहा मिनिटं थांबते. दहा मिनिटं, खारूताई! तुझा नंबर मला झोपेतही पाठ आहे. आणि मी ताठ आवाजात म्हटलं, “विचारायचं काय त्यात? माझी मुलगी असलं काही करणारच नाही. बंद करा ते कार्ड.” मुख्याध्यापकांनी कौतुकाने मान डोलावली. त्या मुलीनेही आभार मानले, म्हणाली, सगळे तुमच्यासारखे सावध असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं. फोन ठेवून मी मुख्याध्यापकांच्या चष्म्याचा नंबर लिहिला तो चुकीचा. बिचारे आठवडाभर त्या चष्म्याने पायऱ्या चाचपत फिरत होते, आणि वयाला दोष देत होते.

त्या वेळी तू तिथे खोल्या भाड्याने देणाऱ्या एजंटच्या टेबलापुढे उभी होतीस, हे मला नंतर तुझ्याकडूनच कळलं. तीनदा कार्ड लावलंस. मागची माणसं घड्याळं बघायला लागली आणि त्याने दोन बोटांनी ते कार्ड तुझ्याकडे सरकवलं. शिबिरातल्या तुझ्या सरांनी तुला तीन वर्षांसाठी शिकायला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं, फक्त शुक्रवारपर्यंत राहण्याचा पत्ता कागदांवर हवा होता. खोली गेली, शुक्रवार गेला. राहत होतीस तिथलं बिलही त्याच कार्डावर होतं, ते सरांनी स्वतःच्या खिशातून भरलं, आणि तू त्यांच्याकडे मान वर करून बघू शकली नाहीस. तू मला रडत फोन केलास, बँक म्हणते तुझ्या आईनेच कार्ड बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, छे गं, मला कुणाचाच फोन आला नव्हता. किती सहज म्हटलं! त्यावर तू काय म्हणालीस ते आठवतं का? म्हणालीस, मला वाटलंच, आणि आज संध्याकाळी मी तुला सगळं सांगणारच होते, आधी सांगितलं असतं तर तुझी तब्येत बिघडली असती.

काल तू काचा आणायला गेली होतीस तेव्हा एक मुलगी दुकानात आली. तुझ्याच वयाची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तोंड उघडल्याबरोबर मी आवाज ओळखला, सर्दी अजून होतीच. मला वाटलं भांडेल, आरडाओरडा करेल. ती हळूच म्हणाली, “मावशी, आठवून बघाल का एकदा? तुमच्या मागे कुणीतरी अक्षरं वाचत होतं. मी दहा मिनिटं थांबते म्हणाले होते.” मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, मला काही आठवत नाही. आणि मग, माझ्या मेल्या सवयीने, तिचा चष्मा मागून घेतला, दोरा काढला, नवा स्क्रू बसवला, काचा पुसून दिल्या. तिने तो घालून इकडेतिकडे बघितलं आणि मला थँक यू म्हणाली. मी तिच्या पोटावर पाय देत होते आणि ती मला थँक यू म्हणत होती. ती गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसले. तू आल्यावर म्हणालीस, चेहरा का उतरलाय, बीपी बघू का?

म्हणून आज सकाळी भाजी आणते असं सांगून मी बँकेत गेले होते. तुझ्या निवेदनावर सही केलेली नाही. माझ्या हाताने दुसरं लिहून दिलं: फोन आला होता, मुलीला विचारा असंही त्यांनी सुचवलं होतं, व्यवहार माझ्या मुलीचाच आहे हे ओळखून मी खोटं बोलले. मॅनेजरने दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. ती मुलगी कामावर राहील. दुसरी शिक्क्याची प्रत याच पाकिटात आहे, ती सरांना पाठव. तू बेजबाबदार नाहीस, तुझ्या आईने तुला पाडलं, हे त्यांना कळू दे. ते तुला पुन्हा घेतील की नाही मला माहीत नाही. घेतलं तर जा, आणि कार्ड स्वतःचं काढ. माझा चेहरा बघून थांबायचं नाही, मी आडवी झाले तरी नाही. एवढं सगळं लिहिलं, पण जे सांगायला बसले ते अजून राहिलंच आहे. बँकेतल्या कागदावर ते लिहिलेलं नाही, ते फक्त तुला सांगायचं आहे. विमानतळाच्या काचेच्या दारातून तू बॅग ओढत, सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आलीस. मी तुला मिठी मारली आणि रडले. तू मलाच समजावत होतीस. खारूताई, मी आनंदाने रडत होते.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
आई