न दुखणारी गाठ

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४, पिंपरी

दाढी करताना डाव्या जबड्याखाली गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, टणक, जागची हलत नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी दाबून विचारलं, "दुखते का?" मी खुशीत सांगितलं, "अजिबात नाही!" त्यांचा चेहराच उतरला. "तोंडात काही बिघडलं की इथल्या गाठी सुजतात. दुखली असती तर बरं होतं. तंबाखूचा बार कुठल्या बाजूला धरता?"

डाव्याच. उद्या पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचंय.

घरी आल्यापासून सारखी दाबून बघतोय. दुख की गं, एकदा तरी!

चुना-गुळाचा लेप लावताना बायकोनं विचारलं, "दुखतंय का हो?"

"फार."

"मग दाढेच्या सुजेनं गाठ आलीय, अवधाण ते. उतरेल," म्हणाली आणि निवांत भाकरी थापायला बसली.