तंबाखूऐवजी गोड पान

११ फेब्रुवारी
छोट्या तंबाखू शेतकऱ्यांना दुसऱ्या पिकावर आणायचं. केंद्र सरकारची योजना, फाइल माझ्याकडे. माझा उपाय: स्टीव्हिया. तंबाखू पान, हेही पान, फक्त साखरेसारखं गोड. साहेब एकदम इम्प्रेस. निदान मान हलवली.

१४ फेब्रुवारी
निपाणीजवळच्या भालचंद्रमामांना फोन. जन्मभर तंबाखू केलेली. म्हणाले, पण घेणार कोण? मी म्हणालो, मी आहे ना. आवाज छान लागला होता. मामांनी सगळं रान स्टीव्हियाला दिलं. शेजारच्या द्वारकाबाईंनीही, मामांकडे बघून.

२ एप्रिल
गाझियाबादचा एक्स्पोर्टर भेटला, अनुराग. चहा पाजून म्हणाला, ले लेंगे सर. लेखी मागणार होतो, पण माणूस सज्जन वाटला.

५ जून
मामांनी दोघांचंही वाळलेलं पान पार्सलने पाठवलं, आमच्या क्वार्टरच्या पत्त्यावर. अनुराग फोन घेत नाही. टूरवर असेल.

८ जून, सकाळ
एका खोलीत पोती, दुसरीत आम्ही. लेक अवनी पोत्यांवर बसून अभ्यास करते. केतकी म्हणाली, ही हलवली नाहीस तर मी माहेरी जाते. थकलीय ती.

८ जून, संध्याकाळ
गाझियाबाद. अनुरागच्या ऑफिसच्या जागी जिम. वॉचमन म्हणाला, वो तो कब के गए.

१२ जून
सरोजिनी नगरच्या किराणावाल्यांना सॅम्पल. एकाने चघळून थुंकलं. म्हणाला, बाद में कड़वा है. मार्केटला वेळ द्यावा लागतो.

१९ जून
मामांचा फोन. घेतला नाही. उद्या ठोस काही सांगता येईल.

२० जून
घेतला नाही.

२६ जून
अनोळखी नंबर म्हणून उचलला, तर द्वारकाबाई. पान खपलं का, विचारलं. मी म्हणालो, जवळजवळ. त्या एवढ्या खूश झाल्या की मला जेवण गेलं नाही.

६ जुलै
मामांना खरं सांगितलं. बहुतेक खरं. मामा म्हणाले, तंबाखूचा तरवा टाकलाय. द्वारकेनंही. फोन स्पीकरवर होता; अवनीने विचारलं, तरवा म्हणजे काय? रोपांचे वाफे, म्हणालो. ही तात्पुरती माघार आहे.

१० जुलै
साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात तुमचं स्टीव्हियाचं मॉडेल गाव बघू. जरूर सर, म्हणालो. लगेच मामांना फोन: दोन सऱ्या तरी स्टीव्हिया राहू द्या, दाखवण्यापुरत्या. मामा म्हणाले, नांगरलं रे गुणा. साहेबांना आण, पोटभर जेवू घालतो. रानात आहे तेच दिसेल.
केतकीने विचारलं, आता काय? म्हणालो, विचार करतोय.
करत नव्हतो.